कुणी न पाहिलेला फटका

माझा भाचा एका संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस तो कामानिमित्त परगावी असतो. काही वर्षांपूर्वी त्याला गोल्फचा नाद लागला आणि आता त्याच्या प्रवासाच्या सामानात काठ्यांची ती लांबोडकी पिशवीही असते. गेल्या पावसाळ्यात तो घरी आला असता जेवता जेवता त्याने मला विचारले, "मामा, पुढच्या महिन्यात चार दिवस पुण्याला काम आहे. एक सकाळ मोकळी मिळेल. येरवड्याचं पूना क्लबचं मैदान जवळ पडतं, पण शहराबाहेर डोंगराच्या कुशीत नवी मैदानंही झाली आहेत. कुठं खेळू? तुम्ही तुमच्या साहेबांचे दौरे आखत होतात ना? तुम्हाला यातलं कळत असेल."

मी म्हणालो, "विचार करून सांगतो." तो हसला. "त्यात विचार कसला करायचा, मामा?"

त्याचे हसणे योग्यच होते. गवताच्या दोन मैदानांतून एकाची निवड करणे हा काही नीतिशास्त्राचा प्रश्न नव्हे, असे कुणालाही वाटेल. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही. पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वीचे एक गाव, एक नदी आणि नदीकाठी मुके उभे असलेले तीन पंप माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या गावाचे नाव सारंगखेडा. तिथे गोल्फचे मैदान नव्हते, आजही नाही. आणि माझ्या सांगण्याचे सारे मर्म त्या नसण्यातच आहे.

वाचकांपैकी फारच थोड्यांनी गोल्फची काठी हातात धरली असेल, याची मला कल्पना आहे. मीही कधी धरली नाही. पण प्रश्न केवळ गोल्फचा नाही. कार्यालयाच्या कामासाठी चेन्नईला गेलेला आपला माणूस सवड काढून वेळांकण्णीच्या मातेचे दर्शन घेऊन येतो, गोव्याला गेलेला ओल्ड गोव्याला जाऊन येतो, कुणी नातेवाइकांकडे डोकावतो, कुणी समुद्रावर जातो. काम दुसऱ्याचे, भाडे दुसऱ्याचे आणि मधली सकाळ आपली, अशी वेळ प्रत्येक नोकरदाराच्या आयुष्यात येते. त्या सकाळी आपण कुठे जातो, हे पाहणारे तिथे कुणी नसते. म्हणूनच ती निवड आपल्याविषयी बरेच काही सांगून जाते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कामाच्या दौऱ्यावर असताना खेळणे हे मुळातच पाप आहे, असे मानणारी एक कडक विचारसरणी आपल्यात आहे. तिला उत्तर देण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या आपल्या महाग्रंथात खेळाचा प्रश्न गांभीर्याने हाताळला आहे. त्यांनी संत योहानाविषयीची एक जुनी गोष्ट सांगितली आहे. योहान आपल्या शिष्यांसमवेत खेळत असलेला पाहून काही लोकांना ते रुचले नाही. तेव्हा योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले. त्याने एकामागून एक बाण सोडले. "असेच अखंड करीत राहशील काय?" असे विचारता तो उत्तरला, की तसे केल्यास धनुष्यच मोडेल. मनुष्याच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्यांना समजावले. अक्वायनस तेवढ्यावर थांबत नाहीत. खेळाची अजिबात आवड नसणे, स्वतः विनोद न करणे आणि दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणे हाही ते दोषच मानतात. मात्र खेळाला ते काही मर्यादा घालतात. त्यांपैकी एक अशी, की खेळ हा व्यक्ती, काळ आणि स्थळ यांना साजेसा असावा.

स्थळ! या एका शब्दात माझ्या भाच्याचा प्रश्न सामावलेला आहे.

गंमत अशी, की धनुष्य आणि गोल्फ यांचे वैर इतिहासातही आढळते. हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. १४५७ मध्ये तिथल्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांना बंदी केली, कारण त्यांच्या नादी लागून लोक धनुर्विद्येचा सराव टाळू लागले होते. एकीकडे धनुष्य सतत ताणू नका म्हणून सांगणारा संत आणि दुसरीकडे धनुष्य खुंटीला टांगून खेळायला गेलेल्या प्रजेवर रागावलेला राजा. दोघांचेही बरोबर होते. खेळ हा विसावा असतो तोवर तो योहानाच्या बाजूला असतो. तो कर्तव्याची जागा बळकावू लागला, की राजाचा हुकूम आठवावा लागतो. अडचण एवढीच, की एक केव्हा संपते आणि दुसरे केव्हा सुरू होते, हे खेळणाऱ्याला सहसा कळत नाही.

आमच्या साहेबांनाही ते कळले नाही, आणि ते काही हलके गृहस्थ नव्हते.

पाण्याचे मोठे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तेव्हा नोकरीला होतो. साहेब हे आमचे प्रमुख अभियंता. त्यांचा प्रामाणिकपणा कारखान्यात दाखल्यासारखा सांगितला जाई. गोल्फ खेळण्याचे शुल्क ते नेहमी स्वतःच्या खिशातून भरत. माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्यांना आपल्या क्लबात पाहुणा म्हणून खेळायला बोलावले, तेव्हा त्यांनी हात जोडून नकार दिला होता. एका रविवारी सकाळी काही तातडीच्या कागदांवर सही घेण्यासाठी मी चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर गेलो होतो. साहेब झाडीलगत एकटेच चेंडूजवळ उभे होते. सोबतचे खेळाडू बरेच पुढे गेले होते. त्यांनी काठी गवताला टेकवली मात्र, चेंडू किंचित हलला. मी सोडून ते कुणीही पाहिले नव्हते, आणि मला त्या खेळातले ओ की ठो कळत नव्हते. साहेबांनी खिशातून कार्ड काढले आणि स्वतःच्या नावापुढे एक फटका वाढवून लिहिला.

मी विचारले, तेव्हा त्यांनी मला बॉबी जोन्सची हकीकत सांगितली. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत जोन्सचा चेंडू असाच गवतात हलला. दुसऱ्या कुणालाही ते दिसले नव्हते. तरीही त्याने स्वतःवर एक फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेरीस तो आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत आले आणि निर्णायक लढतीत जोन्स हरला. तो एक फटका त्याने लपवला असता, तर त्या बरोबरीची वेळच आली नसती. साहेब म्हणाले, "या खेळात सहसा प्रत्येक खेळाडूमागे पंच नसतो. जो तो आपला पंच." त्या दिवसापासून त्यांच्याविषयीचा माझा आदर दुणावला. तो आजही ओसरलेला नाही. म्हणूनच पुढची गोष्ट सांगणे अवघड जाते.

साहेबांच्या दौऱ्यांची आखणी माझ्याकडे असे. कोणत्या गावी कोणता पंप बसायचा, कुणाची चाचणी राहिली, कुठे तक्रार आली, याची यादी मी त्यांच्यापुढे ठेवी आणि ते तारखा ठरवीत. दोन-तीन वर्षांत मला एक गोष्ट उमगली. कोइमतूर पंपांच्या धंद्याचे मोठे केंद्र, तिथे काम नेहमीच असे, आणि तिथून उटीचे मैदान फारसे दूर नाही. दिल्लीला सरकारी बैठका असत, आणि दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानात लाल बंगल्यासारख्या जुन्या वास्तू उभ्या आहेत. साहेब त्यांचे वर्णन मोठ्या रसिकतेने करीत. कलकत्त्याला रॉयल कलकत्ता, १८२९ सालापासूनचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा क्लब. या गावांची कामे साहेब तत्परतेने हाती घेत. ज्या गावांत मैदान नसे, त्यांची कामे यादीत खाली खाली सरकत जात. मला हे कुणी शिकवले नाही. साहेबांनी एका शब्दानेही कधी सुचवले नाही. तरीही मी माझ्या वहीत गावांच्या नावांपुढे पेन्सिलीने एक बारीकशी खूण करू लागलो. मैदान असलेल्या गावाला खूण, नसलेल्याला काही नाही. खूण असलेली गावे वर ठेवली, की यादी लवकर मंजूर होई आणि माझेही कौतुक होई.

वाचकांनी लक्षात घ्यावे, की यात असत्य असे काहीच नव्हते. कोइमतूरचे काम खरे होते, दिल्लीची बैठक खरी होती. खोटे प्रवासबिल एकही नव्हते. कामे सगळी खरी होती. खोटा होता तो त्यांचा क्रम.

१९८८ च्या पावसाळ्यानंतर सारंगखेडा परिसरातील एका सहकारी उपसा सिंचन संस्थेला आम्ही तीन पंप दिले होते. तापीच्या काठावर जॅकवेल बांधून तयार होती, नळाची रांग शेतांपर्यंत गेली होती, वीजही आली होती. राहिली होती ती फक्त चाचणी. प्रमुख अभियंत्याच्या देखरेखीखाली चाचणी होऊन दाखल्यावर सही झाल्याविना पंप चालवले, तर हमी रद्द होणार होती. ऑक्टोबरमध्ये जायचे ठरले, तेव्हा कोइमतूरचे काम निघाले. नोव्हेंबरच्या मध्याला ठरले, तेव्हा दिल्लीची बैठक आली. डिसेंबरच्या आरंभी ठरले, तेव्हा कलकत्ता. संस्थेची पत्रे येत राहिली. मी प्रत्येक पत्राला नम्र उत्तर पाठवीत राहिलो. अखेर साहेबांनी चाचणीचे अधिकार लेखी माझ्याकडे दिले आणि मला धाडले.

सुरत-भुसावळ मार्गावरील गाडीने दोंडाईच्याला उतरून मी एस.टी.ने सारंगखेड्याला पोहोचलो, तेव्हा नाताळ तीन-चार दिवसांवर आला होता. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा पुढे १ जुलै १९९८ रोजी निर्माण झाला. एकमुखी दत्ताच्या यात्रेचे ते दिवस होते. मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला इथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो, हे मला ठाऊक नव्हते. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले व्यापारी, मारवाडी आणि काठेवाडी जातीचे उंचेपुरे घोडे, त्यांच्या गळ्यांतल्या घुंगरांचा आवाज, थंडीत पेटलेल्या शेकोट्या. एखाद्या परक्या माणसाला तिथे दोन दिवस सहज हरवून जाता यावे, असा तो थाट होता.

संस्थेचे अध्यक्ष सत्तरीचे होते. सारे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी मला चहा दिला, भाकरी-ठेचा खाऊ घातला, रागाचा एक शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिन्ही पंपांची चाचणी झाली. एका पंपाच्या ग्लँडमधून पाणी गळत होते, तेही अर्ध्या तासात थांबले. पाणी नळात चढल्याचा आवाज आला, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्या कामासाठी ती माणसे जवळजवळ तीन महिने थांबली होती, ते एका दिवसाचेही नव्हते.

मग आप्पा मला शेतांवर घेऊन गेले. पंप सुरू होणार या भरवशावर काहींनी नोव्हेंबरच्या मध्याला गहू पेरला होता. ज्यांच्या विहिरींना पाणी होते, त्यांचा गहू तग धरून होता. एका शेताशी आप्पा थांबले. तिथला गहू वीतभर वाढून पिवळा पडला होता आणि निम्मे शेत कापलेले होते. मी विचारले, की एवढ्या लवकर कापणी कशी?

आप्पा म्हणाले, "कापणी नाही भाऊ, वैरण. गव्हाला एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पहिलं पाणी लागतं. तेव्हाच त्याची खरी मुळं फुटतात. ती वेळ गेली. मग धन्यानं कापून यात्रेतल्या घोड्यांना विकला. चार पैसे तरी आले." आणि थोडे थांबून, जणू माझी समजूत घालण्यासाठी, ते म्हणाले, "तुमचीही कामं असतात, साहेब. पण तारीख आम्ही नाही ठरवत. गहू ठरवतो."

मी परत आलो आणि अहवाल लिहिला. त्यात 'विलंबाचे कारण' असा एक रकाना होता. त्यात मी लिहिले: 'तांत्रिक अडचणी'.

साहेबांनी तो अहवाल वाचून सही केली. त्यांना वैरण झालेल्या गव्हाविषयी मी कधीच सांगितले नाही. सांगितले असते तर त्या माणसाने, ज्याने झाडीआड हललेल्या चेंडूचा दंड स्वतःच्या नावावर लिहिला त्याने, काय केले असते, याविषयी मला शंका नाही. त्यांनी त्याच आठवड्यात यादी उलटी केली असती. पण मी मौन पाळले, कारण पुढच्या वर्षी माझी बढती होती. साहेबांचा दोष असा, की त्यांना फटका दिसला नाही. माझा दोष असा, की मला तो दिसला आणि मी तो कार्डावर लिहिला नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. कुणी म्हणेल, की मोठ्या अधिकाऱ्याला शंभर कामे असतात. एखादे मागे पडणारच. कोइमतूर आणि दिल्लीची कामे आधी केली म्हणून कुणाचे तरी भलेच झाले. मग सारंगखेड्याच्या गव्हाचा भार एका निरुपद्रवी छंदावर का टाकायचा? याला माझे उत्तर असे. कामांचा क्रम कुणाला तरी लावावाच लागतो आणि क्रमात कुणीतरी शेवटी येणारच. परंतु शेवटी येणाऱ्याला 'तू शेवटी का?' याचे उत्तर त्याच्या तोंडावर देता आले पाहिजे. 'तुमच्याआधी दुसऱ्या गावाची निकड मोठी होती', हे आप्पांना सांगता आले असते आणि त्यांनी ते मान्यही केले असते. 'तुमच्या गावी गोल्फचे मैदान नाही', हे कुणाला सांगता आले असते? जे कारण ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर उच्चारता येत नाही, ते कारण नव्हेच. आणि छंद निरुपद्रवी असतो तो याच अटीवर, की त्याने कामाच्या मागून चालावे. तो पुढे चालू लागला, की गावे नकाशावरून पुसली जातात, आणि पुसणाऱ्याच्या हाताला शाईदेखील लागत नाही.

तेव्हा भाच्याला द्यायचे पहिले उत्तर हे: मैदान निवडण्यापूर्वी एकदा पाहा, की पुण्याला तुला काम नेत आहे की मैदान. कामानेच नेले असेल, तर पुढचे प्रश्न विचारण्याचा तुला अधिकार आहे.

दुसरा प्रश्न यजमानाचा. बऱ्याच जुन्या क्लबांत परक्याला सदस्याचा पाहुणा म्हणून किंवा आपल्या क्लबाशी संलग्नता असेल तर त्या आधारे खेळता येते. काही मैदानांवर, उदाहरणार्थ खारघरला सिडकोने उभारलेल्या मैदानावर, शुल्क भरून सदस्य नसलेल्यालाही खेळता येते. ज्याच्याशी कंपनीचा व्यवहार चालू आहे, त्याचा पाहुणा होऊन सुंदर मैदानावर खेळण्यापेक्षा स्वतः शुल्क भरून साध्या मैदानावर खेळावे. चार तास सोबत चालल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या निविदेकडे कोरडेपणाने पाहणे फार थोड्यांना जमते.

तिसरा प्रश्न जमिनीचा आणि पाण्याचा. अठरा खळग्यांच्या पूर्ण मैदानाला साधारणपणे सव्वाशे ते दीडशे एकर जागा लागते. घरटी पाच एकर धरले, तरी पंचवीस-तीस कुटुंबांची ती शेती होते. उन्हाळ्यात अशा हिरवळीला रोज लाखो लिटर पाणी लागू शकते. काही मैदाने आता शुद्ध केलेले सांडपाणी वापरतात, आणि चेंबूरसारख्या दाटीच्या उपनगरात अशा मैदानामुळेच थोडी झाडे उरली आहेत, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. म्हणून 'गोल्फ वाईट' असा सरसकट निवाडा मी देणार नाही. पण ज्या गावच्या बायकांना टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हिरवळीला कोणते पाणी दिले जाते, एवढे विचारायला काहीच मोल पडत नाही. उत्तर मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

चौथा प्रश्न पिशवी उचलणाऱ्याचा. त्याला कॅडी म्हणतात. उन्हातून तो तुझ्यामागे काही मैल चालतो. दिल्लीच्या मैदानावर कॅडीचे काम केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. आपल्यामागून चालणारा माणूस आपल्याहून सरस खेळाडू असू शकतो, हे या खेळाने आपल्या देशाला एकदा दाखवून दिले आहे. ज्या मैदानावर त्याला नावाने हाक मारली जाते आणि त्याची मजुरी चोख दिली जाते, ते मैदान निवडावे.

हे प्रश्न काही मी नव्याने शोधलेले नाहीत. गोल्फचे माहेर मानले जाते त्या सेंट अँड्र्यूज गावात १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेने समुद्रकाठच्या त्या माळावर गोल्फ व इतर खेळ खेळण्याचा आणि गुरे चारण्याचा नागरिकांचा हक्क मान्य झाला. म्हणजे हे मैदान मुळात गावचे. तिथला जुना माळ आजही रविवारी सामान्यतः खेळासाठी बंद असतो, आणि त्या दिवशी गावकरी मुलाबाळांसह, कुत्र्यांसह त्यावर फिरायला येतात. निर्गमाच्या पुस्तकातील शब्बाथाची आज्ञा केवळ मालकाला विसावा देत नाही. दास, दासी, गुरेढोरे आणि दारी आलेला परका या सर्वांना ती देते. त्या माळावर जमिनीलाही विसावा मिळतो. आपल्याकडे नाशिक शहरात एक मोठे मैदान आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव त्याला दिलेले आहे, पण लोकांच्या तोंडी ते अजूनही 'गोल्फ क्लब'च. आज तिथे गोल्फ नाही. क्रिकेटचे सामने होतात आणि पहाटे शेकडो माणसे फिरायला येतात. थोड्यांच्या खेळाचे नाव अनेकांच्या विसाव्याला चिकटून राहिले आहे, हे मला फार बोलके वाटते.

आज सारंगखेड्यापाशी तापीवर बॅरेज उभे आहे. घोड्यांची यात्रा आता 'चेतक महोत्सव' या नावाने गाजते आणि शहरांतून पर्यटक येतात. साहेब हयात नाहीत. आप्पाही नसतील. ज्या धन्याने गहू कापून वैरण केली त्याचे नावदेखील मी त्या दिवशी विचारले नाही, आणि आता विचारायला कुणी उरले नसेल.

भाच्याला मी पत्र लिहिले. हल्ली कुणी पत्र लिहीत नाही, पण काही गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत. त्यात वरचे चार प्रश्न लिहिले आणि खुशाल खेळ असेही लिहिले, कारण धनुष्य सैल सोडलेच पाहिजे. शेवटी सारंगखेड्याची हकीकत लिहिली. ती आजवर मी कुणालाही सांगितली नव्हती.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, पुण्याला खेळलो नाही. यादी पाहिली. सोलापूरचं एक काम जानेवारीपासून मागे पडत होतं. तिथंच जाऊन आलो."

"आणि खेळ?" मी विचारले.

"पुढच्या वेळी येरवड्याला. शुल्क भरून," तो म्हणाला.

मी फोन ठेवला आणि कपाटातली जुनी वही काढली. पेन्सिलीच्या खुणा पुसट झाल्या आहेत, पण दिसतात. सारंगखेड्याच्या नावापुढे खूण नव्हती. मी पेन घेतले आणि त्या नावापुढे, माझ्या खात्यावर, एक फटका मांडला.